न भेटलेले अणू

“म्हणजे टिकले?”

“टिकले, मॅडम. चांगले मिनिटभर. आधी पापणी लवायच्या आत जायचे.”

मुजावर मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. तिथे एक फिकट ठिपका होता. टायटॅनियमचे अतिथंड अणू, चुंबकाच्या जोरावर, भांड्याच्या भिंतीला न शिवता अधांतरी धरलेले.

ते एकमेकांवर आदळले की काय होतं, एवढंच शोधायला ही प्रयोगशाळा उभी राहिली होती. उत्तर वाईट येत होतं. आदळले की अणूंची चुंबकी दिशा पालटे. मग तोच चुंबक त्यांना बाहेर ढकलून देई.

उद्या समिती येणार होती. चुंबक म्हणजे फ्रिजच्या दारावर चिकटवायची वस्तू, एवढीच समज असलेली माणसं. त्यांचा प्रश्न एकच: टिकतात का? नाही म्हटलं की कुलूप.

“काय केलंस, शेवाळे?”

“टायटॅनियमवर मारायचा लेझर मंद केला. अणू कमी उडतात, ढग विरळ होतो.” वैजनाथ शेवाळेच्या आवाजात तोरा होता. “इथे आजवर कुणाला सुचलं नाही. तुम्हालासुद्धा.”

मॅडम हसल्या.

“किती विरळ?”

“खूपच.”

“आदळतात एकमेकांवर?”

शेवाळे पडद्यावरचा ठिपका मोठा करू लागला.

“शेवाळे.”

“नाही आदळत.”

“मग तू मोजलंस काय?”

त्याचा चेहरा उतरला. मग तो चिडला.

“मॅडम, त्यांना काय कळतंय? एक आकडा दाखवायचा, लॅब वाचते! खरं सांगून काय मिळणार? माझी पीएचडी जाईल. तुमचं तर सगळं आयुष्य यात गेलं.”

“गेलं,” मॅडम म्हणाल्या.

“मग?”

पंपाची घरघर चालू होती…

“उद्या सांग, टिकत नाहीत.”

“आणि आपण?”

मॅडम उठल्या. हात लांब करून त्यांनी चुंबकाचा प्रवाह बंद केला.

ठिपका विझला.

“मॅडम! अहो… कुठे गेले ते?”

“भिंतीवर,” मॅडम चष्मा काढत म्हणाल्या. “जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी भेटले.”