लेयाबाईचं अंडं

लावा पैज. ह्या गोष्टीचा शेवट ज्याला वळखता येईल त्यानं आत्ताच सांगावा, आन् चुकला तर उद्या दिवसभर तोंड मिटून बसावं. आधीच सांगून ठेवतो, गोष्टीत एक बाई हाये, एक दीर हाये, एक कोंबडी हाये आन् एक अंडं हाये. ह्या चौघांतल्या एकाला ही गोष्ट लई महागात पडली. कोणाला? खाजवा डोकं. खाजवत खाजवत ऐका.

फार वर्सांपूर्वी, तुमच्या आज्याच्या आज्याला दुधाचे दात यायचे व्हते तवा, नगराकडच्या माळावर हिवरगव्हाण गावात लेयाबाई राहायची. ओढ्याच्या पल्याड मोठं गाव, अल्याड ख्रिस्ती वस्ती. वस्तीच्या मधोमध दगडाचं देऊळ, शेंड्यावर क्रूस, दारात घंटा, आन् आत बसायला गोणपाट.

लेयाबाईचा नवरा शांतवन. हसरा गडी. देवळात गीत म्हणायला लागला की बाकीचे नुसते तोंड हलवायचे. एका साली ताप आला आन् मळणीच्या आधीच शांतवन गेला. त्याला मातीत ठिवून लेयाबाई घरी आली, उंबऱ्यात बसली, ती बसलीच. असं म्हणत्यात, ती इतकी न हलता बसली की कुंभारीण माशीनं तिच्या पदराच्या घडीत मातीचं घर बांधलं, पिल्लं काढली आन् माशी उडूनबी गेली.

पाळकसाहेब आले, वचन वाचून गेले. बाया आल्या, रडल्या, तिच्याच मडक्यातला गूळ खाऊन पाणी पिऊन गेल्या. लेयाबाई समद्यांना मान डोलवायची. देवावर रुसली न्हवती. रोज डोळे मिटायची, पण मागायची काहीच न्हाई. मागावं असं काय उरलंय, हेच तिला कळंना.

आता ह्या वस्तीचा एक कायदा व्हता. रान सगळं मिशनकडून मिळालेलं, दर चुलीमागं, म्हंजी दर घराला, एक तुकडा. दर साली पिकं आली की देवळात हंगामाचा सण व्हायचा. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं, परसातलं पहिलं फळ टोपलीत घालून देवाला न्यायचं. ज्या घराची टोपली आली न्हाई त्या घराची चूल मोडली असं धरायचं आन् त्याचं रान जवळच्या भावकीला द्यायचं.

जवळची भावकी म्हंजी धाकटा दीर, गिदोन. गिदोन वाईट न्हवता हां. नुसता हिशेबी. एक दाढ दुखली तर वैद्याला म्हणायचा, शेजारची पण काढा, पुढची खेप वाचंल. ह्याच्या रानात पाण्याचा थेंब न्हाई, आन् वहिनीच्या रानात बारमाही हीर. तवा तो दर आठवड्याला येऊन वहिनीला समजवायचा, मिशनच्या विधवाघरात कसं दोन टाइम खायला मिळतं, शिवणकाम शिकवत्यात, सोबत असती. खरंच असायचं ते. पण लेयाबाईला तिथं जायचं न्हवतं. आन् हितं तरी कशाला राहायचं, हेबी तिला सांगता येत न्हवतं.

एक दिवस ओढ्यापलीकडची गोदाक्का माळीण काखेत कोंबडी घेऊन आली. कोंबडी खुडूक झालेली. खुडूक म्हंजी ठाऊक हाये ना? अंडी द्यायची बंद, नुसतं पिसं फुगवून एका जागी बसायचं आन् जवळ येईल त्याला टोचायचं. तुमच्यात पण हायेत दोघीतिघी, नावं घेत न्हाई. गोदाक्कानं तिला पाण्यात बुडवून काढली, उलटी टांगली, नाकात पीस खुपसलं. कोंबडी काय उठंना.

गोदाक्का म्हणाली, "लेया, ही पण बसलीय आन् तू पण बसलीयस. दोघींतल्या एकीनं तरी काहीतरी उबवा."

कोंबडी सोडली, तशी ती सरळ घरात घुसली आन् शांतवनचा पटका ज्या पाटीत ठिवला व्हता, त्या पाटीत जाऊन बसली. लेयाबाई तिरमिरीत उठली. पहिल्यांदा उठली. पटका ओढायला गेली तर कोंबडीनं कचकन चोच मारली. असं म्हणत्यात, शांतवन गेल्यापासून लेयाबाईच्या तोंडून आलेला पहिला शब्द म्हंजी एक सणसणीत शिवी. आन् देवानं ती प्रार्थनेतच धरली.

गोदाक्कानं जाताना कोंबडीखाली अंडी सारली. आता खुडूक कोंबडी म्हंजी घरात पाहुणी. तिला कण्या टाका, पाणी ठिवा, मुंग्या झाडा. भाकर कुस्करून घालायची तर चूल पेटवायला लागते, आन् चूल पेटलीच तर एक भाकर आपल्यापण पोटात जाते. असं करत लेयाबाईचं घर झाडलं गेलं, भांडी घासली गेली. कोंबडीपुढं बसून ती बोलायची. पाळकसाहेबांना जे सांगितलं न्हाई ते सगळं कोंबडीला सांगायची. शांतवन कसा घोरायचा, कसा भांडायचा, शेवटच्या दिवशी त्यानं पाणी मागितलं तवा ती कशी चुलीपाशी व्हती. कोंबडी ऐकायची आन् मधी मधी 'कुर्र' करायची. पाळकसाहेबांपेक्षा बरं ऐकायची, असं म्हणत्यात. हे पाळकसाहेबांना सांगू नका.

त्या साली बाजरी करपली. लेयाबाईच्या कणसात दाणा न्हवता. पण तिनं हिशेब धरला, पिल्लं सणाच्या सुमाराला निघतील. टोपलीभर पिल्लं घेऊन देवळात जाईन. किती दिवसांनी तिला उद्याचं काहीतरी ठाऊक व्हतं.

सण तोंडावर आला आन् भर दुपारी घरात मुंगूस शिरलं. कोंबडी लढली, पिसं उडाली, शेवटाला घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर, जाऊन बसली ती काय खाली येईना. लेयाबाई रानातून आली तर पाटीत नुसती टरफलं. एकच अंडं गडगडत जात्याखाली गेलेलं, ते राहिलं.

तिनं कोंबडीला हाका मारल्या, कण्या दाखवल्या. कोंबडीचा खुडूकपणा उतरलेला, ती म्हणे तुझं तू बघ. मग लेयाबाईनं काय केलं? शांतवनचा पटका घेतला, अंडं त्यात गुंडाळलं, पोटाशी बांधलं, वरनं लुगडं नेसलं आन् स्वतःच खुडूक बसली.

तशीच भाकरी थापायची, तशीच पाण्याला जायची, वाकायची न्हाई, धावायची न्हाई. निजायची तीबी भिंतीला टेकून. बायांनी कुजबुज केली की लेयाला पोटाचा आजार झाला. असं म्हणत्यात, त्या दिवसांत सूर्य तिच्या दारात अंमळ जास्त थांबायचा, आन् तेवढा शेजारच्या घरात लवकर अंधार पडायचा. शेजारीण कुरकुर करायची, पण सूर्याचं कोण काय वाकडं करणार?

गोदाक्का म्हणाली, कोमट पाण्यात सोडून बघ. आत जीव असंल तर अंडं डुगडुगतं. लेयाबाईनं पाणी कोमट केलं, अंडं हातात घेतलं, पाण्यावर धरलं, आन् परत पोटाशी बांधून पाणी दारात ओतून दिलं. न्हाई डुगडुगलं तर? न बघितलेलं अंडं जितं असू शकतं. बघितल्यावर काय उरंल?

सणाच्या आदल्या दिवशी गिदोन आला. म्हणाला, परवा गाडी मिशनकडं जातीय, वहिनी, बोचकं बांधून ठिवा.

लेयाबाई म्हणाली, "भावजी, माझी टोपली येईल."

सणाला देऊळ गच्च. दुधी, डांगर, शेंगा, कणसांच्या पेंढ्या, कोणाचा तरी बोकड दाराला बांधलेला. लेयाबाईनं एवढी मोठी टोपली आणली आन् आत पटका, आन् पटक्यात एक अंडं. देऊळ हसलं. पोरंच न्हाई, पाळकसाहेबांनीपण मिशीला हात लावला.

गिदोन म्हणाला, हे काय रानातलं फळ हाये? पंच म्हणाले, परसातलं चालतं. पण चांगलं पायजे. देवाला सडकं वाहिलं तर टोपली धरता यायची न्हाई. मग गिदोन म्हणाला, फोडून बघा.

तवा मत्तय मास्तर पुढं आला. मास्तर वस्तीची शाळा चालवायचा आन् सणाला बोली पुकारायचा. आवाज असा की ओढ्यापलीकडचे बैल थांबायचे. त्यानं सांगितलं, रीत म्हंजी रीत. पहिली बोली, मग काय ते. बोली चालू हाये तोवर वस्तूला धक्का लावायचा न्हाई.

आता बोलीची रीत ऐका. टोपलीतल्या वस्तूवर धान्याची बोली लावायची, धान्य गरिबाला जायचं. ज्यानं घेतलं त्याला वाटलं तर तो वस्तू परत देवाला द्यायचा, आन् तीच वस्तू परत बोलीला लागायची.

गिदोन म्हणाला, "ओंजळभर बाजरी. मिटवा."

मिटतंय कशाचं. मागनं एक म्हातारा उठला, दोन ओंजळी म्हणाला, अंडं हातात घेतलं, उबेला धरलं आन् म्हणाला, देवाला परत. लोकांच्या ध्यानात आलं. बोली चालू हाये तोवर अंडं फुटत न्हाई, आन् अंडं फुटत न्हाई तोवर लेयाची चूल मोडत न्हाई. शिवाय गिदोनचं तोंड बघायला मिळतंय, ते येगळंच. मग काय, देऊळच्या देऊळ चेकाळलं. कोणी शेरभर म्हणालं, कोणी पायली. अंडं ह्या हातातनं त्या हातात. दारात उभी असलेली गोदाक्का, तिचा देव येगळा, पण ती पण वरडली, वाटीभर घेवडा. मास्तरनं तोबी धरला. म्हाताऱ्यांनी धरलं, बाळंतिणींनी धरलं, बोकडानं तेवढं हुंगलं. असं म्हणत्यात, धान्याची रास खिडकीला लागली, आन् ते अंडं शेवटाला विस्तवावरच्या दगडागत गरम झालं.

लेयाबाई कोपऱ्यात बसून हे बघत व्हती. हे सगळे हसत व्हते, पण कोणी अंडं घट्ट धरत न्हवतं. ओल्या मडक्यागत जपून एकमेकांना देत व्हते. तिला पहिल्यांदा वाटलं, आपलं घर मोडायला नको.

पण धान्य काय संपत न्हाई व्हय? दिवस कलला, ओंजळी रिकाम्या झाल्या. गिदोननं अंडं घेतलं, कानाशी हलवलं आन् म्हणाला, "सडकंय. ह्याच्यातनं जीव निघाला तर त्याला मी आईसारखा संभाळीन, आन् वहिनीच्या रानाला मरेस्तवर पाणी ओढीन. ही माझी बोली."

चेष्टेनं म्हणाला तो. पण देवळात म्हणाला. मास्तरनं संधी सोडली न्हाई. एकवार, दोनवार, तीनवार, आन् घंटा वाजवली. ह्याच्यावर बोली कोणाकडंच न्हवती.

आता फोडायचं. गिदोननं अंडं दगडावर आपटायला हात उचलला.

लेयाबाई उठून पुढं आली. म्हणाली, "भावजी, शेवटची प्रार्थना व्हईस्तवर दोन्ही हातांत धरा. मग तुमच्या हातानं फोडा. सडकं निघालं तर मी उद्याच्या गाडीत बसते."

पंच हो म्हणाले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. आता पाळकसाहेबांची प्रार्थना म्हंजी काय, ते एकदा आदामापासून सुरू झाले की नोहाचं पाणी वसरेपर्यंतच माणसाच्या पायाला मुंग्या यायच्या. त्या दिवशी कोणी कुरकुरलं न्हाई. लेयाबाईनं डोळे मिटले आन् शांतवन गेल्यापासून पहिल्यांदा देवापाशी काहीतरी मागितलं. काय मागितलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं न्हाई.

पाळकसाहेब अब्राहामापाशी पोचले असतील नसतील, गिदोनच्या तळहाताला आतनं कायतरी टोचलं. परत टोचलं. गिदोनचे डोळे पांढरे झाले आन् तोंडातनं एकदम निघालं, "आमेन."

देवळाची सवय वाईट. एक आमेन म्हणाला की सगळे म्हणत्यात. अख्खं देऊळ आमेन म्हणालं आन् पाळकसाहेबांची प्रार्थना हिवरगव्हाणात पहिल्यांदा अर्ध्यावर संपली. सगळ्यांनी डोळे उघडले तर गिदोनच्या ओंजळीत ओलं पिल्लू, आन् ते टकामका गिदोनकडं बघतंय. कोंबडीचं पिल्लू पहिलं ज्याला बघतं त्याला आई म्हणतं.

लेयाबाई हसली. असं म्हणत्यात, ती अशी हसली की धाब्यावरची कोंबडी तिकडनं खाली उतरून आली.

तिची टोपली धरली गेली. चूल पेटली ती पेटलीच. हिरीवर भाजी झाली, दारात कोंबड्यांचा गलका झाला, लेयाबाई लई जगली आन् लई बोलली, माणसांशी पण. आसपास कोणा बाईचा नवरा गेला असं कळलं की ती वचन सांगायला जायची न्हाई. बाई कुठल्या का देवाची असंना, काखेत खुडूक कोंबडी घेऊन जायची, पाटी मागायची आन् बसवून यायची. ती गेली तरी गावानं हे सोडलं न्हाई. आजबी हिवरगव्हाणात कोणी विधवा झाली की पहिल्या महिन्यात तिच्या दारात खुडूक कोंबडी येते. कोणी पाठवली ते विचारायचं न्हाई, लेयाबाईची म्हणायचं. आन् हंगामाच्या सणाला पहिली बोली एका अंड्याची. ते सगळ्या देवळाच्या हातांतनं फिरल्याबिगर दुसरी टोपली उचलत न्हाईत.

तर, कोणाला महागात पडलं?

गिदोननं मरेस्तवर वहिनीच्या रानाला पाणी ओढलं. त्याचं त्याला काय वाटंना, कारण वहिनीनं त्याच्यापण रानाला पाट काढून दिला. त्या पिल्लाचा कोंबडा झाला, त्यो त्याच्या मागं मागं देवळात यायचा आन् त्याच्या शेजारी गोणपाटावर बसायचा, त्याचंपण त्याला काय वाटंना. पण गिदोन बोलला व्हता, आईसारखा संभाळीन. पंचांनी ठरवलं, आई काय आपल्या लेकराच्या जातीला खाती व्हय? त्या दिवसापासून गिदोनच्या चुलीवर कोंबडी शिजली न्हाई. त्याच्या पोरांच्या न्हाई, नातवांच्या न्हाई, पणतवांच्या न्हाई. आजपण नाताळला वस्तीत घरोघरी रस्सा उकळतो, वास ओढ्यापल्याड जातो, आन् गिदोनच्या घरातली सगळी मंडळी दारं घट्ट लावून, नाकाला पदर लावून, वांग्याची भाजी खात्यात.