मधाला लाचावलेला पहारेकरी

फार पूर्वी एका धुक्याच्या रानात राजाने काळतोंड्या वानराला हरणांच्या पहाऱ्यावर नेमले होते. बिबट्या दिसताच झाडावरून ओरडायचे, एवढेच त्याचे काम. एकदा बिबट्याने मधाचे पोळे आणून झाडाखाली ठेवले. वानर गप्प राहिला. मग रोज सकाळी एक पोळे येई आणि एक हरीण कमी होई.

“भाऊ, काही दिसलं का रे?” पाडस हरवलेली हरिणी विचारी.

“धुकं फार होतं, ताई,” वानर बोटे चाटत म्हणे.

एके सकाळी कुणीच काही विचारले नाही. कुरण रिकामे होते. बिबट्या मात्र आला.

“पोळं कुठाय?” वानराने विचारले.

“आता तुला गप्प कशाला ठेवू? ऐकायला उरलंय कोण?” असे म्हणत बिबट्या सावकाश झाड चढू लागला.

वानर जिवाच्या आकांताने ओरडला. कुरणात एकही कान टवकारला गेला नाही.