वांझ माडाचं पाणी

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक सासू होती, एक सून होती आणि त्यांच्या अंगणात एक वाकडा माड होता. माडाला नारळ धरत नव्हता, सुनेला मूल होत नव्हतं. सासू दोघांना एकाच शब्दात उरकायची. वांझ. म्हणायची माडाला, बघायची सुनेकडे.

सून अंगण झाडत राहायची. माडाच्या बुंध्याशी एका बाजूला मातीत छोटा चर पडला होता. झाडून झाडून तो तिच्या ओळखीचा झाला होता.

एका भाद्रपदात उधाणाने बांध फुटला आणि विहिरीत खारं पाणी शिरलं. खाडीपलीकडून गोडं पाणी आणावं तर वाऱ्यापुढे होडी टिकेना. त्यातच सासू तापाने फणफणली. घरात तांब्याभर पाणी उरलं.

दुपारी मुकादम कुऱ्हाड घेऊन दारात आला. "बांधाला ओंडका हवाय. तुमचा वांझ माड देता ना?"

"न्या," सासू आतून म्हणाली. "नुसता जागा अडवून उभा आहे."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. सुनेने अंगणात परात मांडली होती, तिचा तळही झाकला नव्हता. गवती छपराच्या वळचणीवरूनही थेंब गळत नव्हता. माडाचा बुंधा मात्र चराच्या बाजूने निथळत होता.

"मुकादमभाऊ, हंडा भरेपर्यंत थांबा," सून म्हणाली.

"या भुरभुरीत? मग दिवाळीलाच येतो."

"या की. फराळ करून ठेवते."

तिने सुंभ घेतलं, खोडाला तिरकं, घट्ट गुंडाळलं आणि टोक हंड्यात सोडलं. वर झावळ्या पाऊस झेलत होत्या. पाणी देठांच्या पन्हळीतून खोडावर आणि खोडावरून सुंभावर उतरू लागलं. पहिलं तांबूस, धुळकट आलं. ते तिने ओतून दिलं. मग नितळ धार लागली.

हंडा निम्मा झाला तशी मुकादमाने कुऱ्हाड खांद्यावर घेतली. "ओंडका दुसरीकडे बघतो," तो म्हणाला. "आधी घरी सुंभ आहे का बघतो. आमच्याही दारात माड आहे."

सुनेने पाणी उकळून, निववून सासूला थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाजलं. संध्याकाळी सासूला घाम फुटला, ताप उतरला.

"गोड आहे गं. कुठलं पाणी?"

"वांझ माडाचं."

सासूने फुलपात्रात डोकावून पाहिलं. "त्याला तसं म्हणू नये."

"मी कुठे म्हणते, सासूबाई? तुम्ही म्हणता."

सासूने फुलपात्र पुढे केलं. "धर. सकाळपासून तू घोटभर तरी प्यालीस का?"

सून तिथेच बसली आणि पोटभर प्याली. तो शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही.

तात्पर्य: फळ नाही म्हणून ज्याला हिणवता, त्याच्या बुंध्याशी एकदा बसून बघा. बसायला वेळ नसेल, तर निदान तोंड तरी आवरा.