उतारावरची छत्री

एकदा एका डोंगरपायथ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक वृद्ध प्राध्यापक मृदासंधारण शिकवत असत. आवाज मृदू, गुडघे दुखरे, पण उतार दिसला की चढल्यावाचून राहायचे नाहीत. अभिराम हा त्यांचा आवडता विद्यार्थी. पोरगा हुशार, गणितात पक्का आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश.

महाविद्यालयामागच्या उतारावरची माती दर पावसाळ्यात खाली गावातल्या शेवंताबाईंच्या भातखाचरात जाई. अभिरामने वर्गमित्रांना हाताशी धरून पायथ्याशी दगडी भिंत बांधली. मोजमापे नीट घेता यावीत, काम देखणे दिसावे, म्हणून त्यांनी उतारावरचे गवत मुळासकट उपटून टाकले. उतार सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला. "मावशी, आता चिखलाचा कणही येणार नाही," असे तो शेवंताबाईंना छातीठोकपणे सांगून आला.

आषाढात भिंतीमागे काठोकाठ गाळ साचला आणि चिखल भिंतीवरून खाचरात उतरला.

"पोरा, तुझ्या शब्दावर इसंबून आवणी केली रं," शेवंताबाई बांधावरून म्हणाल्या. "निम्मी रोपं गाडली गेली. उरल्यात त्येवढ्यावर वरीस काढायचंय. आणिक एक सर आली तर तीबी जातील." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे, असे अभिरामला वाटले.

तो धावतच सरांकडे गेला. "सर, भिंत आणखी उंच करू या."

"करू. आधी वर चल."

ते दोघे आणि मागोमाग वर्गातली मुले उतारावर पोहोचतात तोच आभाळ फुटले. सरांनी छत्री उघडली, पण डोक्यावर धरायची सोडून ते वाकले आणि ती उघड्या मातीवर धरली. मागे मुले खुसखुसली, "माती भिजेल ना, म्हणून!" अभिरामला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सर, आजारी पडाल!"

"पडेन तेव्हा बघू. तू माझ्या विजारीकडे बघ."

अजून पाण्याचा ओघळही सुरू झाला नव्हता, तरी विजारीवर चिखलाचे ठिपके उठत होते, थेट गुडघ्यापर्यंत. पावसाचा जोर ओसरल्यावर सरांनी छत्री बाजूला केली. खालची ढेकळे जशीच्या तशी होती. भोवतालची माती मात्र लगदा होऊन ओघळली होती. एखाददुसऱ्या खड्याखाली तेवढी ती चिमुकल्या खांबासारखी उभी होती.

सर म्हणाले, "बाळा, वाहत्या पाण्याचा हिशेब तू अचूक केलास. पण मातीला पहिला मार बसतो थेंबाचा. थेंब आदळतो, तिची पकड सुटते, मग पाणी तिला आयतीच घेऊन जातं. या खड्याने आपल्यापुरती माती राखली. मी छत्रीखालची राखली. इथे तर पाती न् पाती छत्री धरून उभी होती, आणि मुळं माती कवटाळून होती. त्यांनी आपल्याकडे कधी काही मागितलं नाही. म्हणून तर आपण त्यांना कचरा समजलो."

गवताचे भारे अभिरामने स्वतःच्या हाताने बाहेर फेकले होते.

"भिंत पाडू का, सर?"

"छे रे! चांगली बांधली आहेस. तिच्या मदतीला वर कोणीतरी हवं, इतकंच."

त्याच दिवशी मुलांनी उतारावर पेंढा आणि पाचोळा अंथरला. भिंतीमागचा आणि खाचरातला गाळ घमेल्यांनी उपसला. गावात घरोघर फिरून उरलीसुरली भाताची रोपे मागून आणली आणि चिखलात उभे राहून लावली. नंतर उतारावर आडव्या ओळींत वाळ्याच्या गवताचे ठोंब बसवले. शेवंताबाईंनी सगळ्यांना भाकरी वाढली. अभिरामच्या पानात सर्वांत मोठी भाकरी पडली आणि ती खाताना त्याचे डोळे भरून आले.

पुढल्या आषाढात तो सरांबरोबर पुन्हा उतारावर उभा होता. गवत गुडघ्याला लागत होते. भिंतीमागे गाळ असा नव्हताच. खालून शेवंताबाईंची हाक आली, "पोरा, पानी नितळ आलंय रं!"

"सर, तुमचे उपकार कसे फेडू?" अभिराम म्हणाला. तेवढ्यात पावसाची सर कोसळली. त्याने घाईने छत्री उघडली आणि नकळत वाकून जमिनीकडे नेली.

सर खळखळून हसले. "अरे, आता ती माझ्यावर धर. मातीची सोय झाली आहे."

अभिरामने छत्री सरांच्या पांढऱ्या डोक्यावर धरली आणि स्वतः आनंदाने भिजत उभा राहिला.