कोंबडीला शिवण्याआधी

"मग मला अनुग्रह कधी देणार, महाराज?"

मुकुंदानं हे विचारलं तेव्हा धोंडगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसले होते. नेमकी त्याच वेळी शेजारची ठकूबाई पदरात कोंबडी गुंडाळून दारात आली. परसात मुंगसानं धरली होती. पंखाखालचं कातडं चांगलं बोटभर फाटलं होतं.

"पिलं बारकी हायती, महाराज," ठकूबाई म्हणाली. "ही गेली तर घार एक ठेवायची न्हाई."

महाराजांनी कोंबडीकडे पाहिलं. मग मुकुंदाकडे.

"ही चालायला लागली, की देतो."

मुकुंदा हसला. महाराज हसले नाहीत...

सोवळ्याच्या बाबतीत मुकुंदाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. वाऱ्यानं उडून कुणाच्या धोतराचं टोक अंगाला लागलं, तरी हा विहिरीवर पळायचा. गुरुमंत्रासाठी तो घरदार सोडून मठात येऊन राहिला होता, आणि आता तो मंत्र एका कोंबडीच्या पायांपाशी येऊन अडला होता.

पण गडी कच्चा नव्हता. कोंबडी तर कोंबडी, तो मनाशी म्हणाला. हिला बरी करतो आणि सोवळंही राखतो, मग बघू महाराज काय म्हणतात ते.

"तिला इथंच बांबूच्या डालग्याखाली ठेव," महाराज सांगू लागले. "घरच्या कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या टोचून मारतील. मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धू. खोबरेल तेलात हळद कालवून लाव. आणि हात धुऊन..."

"ते मला सांगायला नको, महाराज."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

मुकुंदाची सेवा सुरू झाली. सकाळी उठून तो आधी धुनीतली राख काढायचा. मग तुळशीच्या आळ्याला शेणखत घालायचा. आणि मग, तशाच हातांनी, मागच्या अंगणात जाऊन डालगं उचलायचा. कोंबडीला शिवायचंच आहे, तर आधी हात कशाला धुवायचे? काय धुवायचं ते नंतर एकदाच. हिशेब अगदी चोख होता.

तो तोंड फिरवून, बोटांच्या टोकांनी कोंबडी धरायचा. कशीबशी जखम पुसायचा, हळद थापायचा, भिजवलेली ज्वारी पुढं सारायचा आणि डालगं झाकून जो पळत सुटायचा तो थेट विहिरीवर. तिथं डोक्यावरून पाणी, ओठांत स्तोत्र, आणि नखं तर अशी घासायचा की बघणाऱ्याच्या अंगावर शहारे यावेत.

विहिरीवरच्या बायका एकमेकींना सांगायच्या, काय माणूस आहे बघा, कोंबडीचं करतो पण सोवळं ढळू देत नाही. ते कानावर पडलं की मुकुंदा आणखी एखादा तांब्या ओतून घ्यायचा. मनातून त्याला हे सगळं फार आवडत होतं.

कोंबडीला मात्र ते मानवलं नाही. जखम सुजली, मग चिघळली. डालगं उचललं की भपकारा येऊ लागला. ज्वारी तशीच राहू लागली, आणि एके दिवशी कोंबडीची मान कलली, धाप तेवढी चालू राहिली.

ठकूबाई रोज डोकावून जायची. त्या दिवशी तिनं डालगं थोडं वर केलं आणि तसंच खाली ठेवलं. पदरानं डोळे पुसत बाहेर जाऊन बसली.

मुकुंदा महाराजांसमोर उभा राहिला.

"तिचं आयुष्यच तेवढं असेल, महाराज. माझ्याकडून कसूर झालेली नाही."

"नाही?"

"तिला शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी घोटभर पाणीसुद्धा प्यालो नाही. विचारा कुणालाही."

महाराज उठले. विहिरीवर गेले. पाणी काढून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नखं स्वच्छ केली, पुन्हा हात धुतले. पूजेला बसण्याआधी धुवायचे तसेच, सावकाश.

मुकुंदानं ओळखलं, महाराज पूजेला बसणार. त्यानं लगबगीनं गाभाऱ्यात आसन मांडलं, सहाण पुढं केली, समई सारखी केली आणि बाजूला उभा राहिला.

महाराज गाभाऱ्यावरून तसेच पुढं गेले. मागच्या अंगणात जाऊन डालग्यापाशी मांडी घालून बसले. कोंबडीला त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, मांडीवर घेतलं आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं जखम उकलायला लागले.

मुकुंदा मागोमाग आला होता. महाराजांनी कापूस त्याच्यापुढं धरला.

"हे काळं काय आहे?"

"राख... धुनीतली."

"आणि ही काडी?"

मुकुंदानं वाकून पाहिलं.

"शेणखत... तुळशीचं."

"हं."

"पण महाराज, मी दर वेळी आंघोळ केली..."

"तू केलीस," महाराज म्हणाले. "तू शिवल्यावर तिनं कुठं जायचं आंघोळीला?"

मुकुंदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांच्या सोवळ्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्याच्याही मनात कधी आला नव्हता.

तो विहिरीवर गेला. हात धुऊन आला आणि महाराजांच्या शेजारी बसला. त्यानं कोंबडी आपल्या मांडीवर घेतली. तिचं अंग तापलेलं होतं, काळीज धडधडत होतं. एवढ्या दिवसांत ते त्याला पहिल्यांदाच कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मुकुंदा पाणी उकळून, निववून, मगच डालग्यापाशी जाऊ लागला. जखम तोंड फिरवून नाही, डोळ्यांसमोर धरून धुऊ लागला. कोंबडी दाणे टिपत नाही म्हटल्यावर त्यानं बाजरीचं पीठ पातळ कालवलं आणि बोटानं तिच्या चोचीला लावलं. आधी तिनं मान झटकली. मग थोडं घेतलं.

भपकारा कमी झाला. जखमेवर सुकी खपली धरली. गारठा वाढला तसं त्यानं डालग्यावर आपलं जुनं उपरणं टाकलं, आणि टाकताना त्याला काही वाटलंही नाही.

आणि एका सकाळी, तो हळद लावत असताना कोंबडी मांडीवरून खाली उतरली. उभी राहिली. अंग फुलवलं, त्याच्या अंगठ्यावर एक चोच मारली आणि तुरुतुरु चालत कुंपणाकडं निघाली. पलीकडून पिलं धावत आली.

ठकूबाई दारातच होती. ती पिलांकडं बघत राहिली, मग मुकुंदाकडं वळली.

"लई केलंसा, बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "पर आता तुमी विहिरीवर पळत न्हाई व्हय?"

मुकुंदा विचारात पडला. शेवटचा कधी पळालो होतो, ते त्याला आठवेना...

"मुकुंदा," गाभाऱ्यातून महाराजांचा आवाज आला. "ये. मंत्र घे."

ज्याच्यासाठी घरदार सोडलं ते समोर आलं होतं. मुकुंदा घाईनं उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि थबकला. त्यानं आपले हात पाहिले. तळवे हळदीनं पिवळे, बोटं तेलकट, मनगटाला कोंबडीचं एक बारीक पीस चिकटलेलं.

"आलोच, महाराज. हात धुऊन येतो."

"तिला उचलण्याआधी धुतले होतेस?"

"हो."

"मग चल आत. कोंबडीला चालले, ते देवाला चालतील."