टिंब आणि तनूचा फुगा

एक होतं टिंब. एवढंसं! तिळाएवढं.
बालवाडीच्या कॉम्प्युटरात राहायचं.

तिथे होती एक पेटी. पेटीत तनूचा डबा. डब्यात वाढदिवसाची डबी. डबीत तनूची तारीख.

वनिताबाई कॉम्प्युटरात लिहायच्या, मग ज्याचा वाढदिवस, त्याचा फुगा पडद्यावर यायचा. आज तनूचा वाढदिवस. नवा झगा, दोन वेण्या. पण फुगा आलाच नाही! तनूचे डोळे भरले.

बिचारी तनू! टिंबाला कसंतरीच झालं. ते निघालं. टुण टुण टुण!

"फुगोबा, फुगोबा, फुगता का?
तनू हसेना!"
"तारीख आली तर फुगेन. नाहीतर नाही जा!"

टिंब फटीफटीतून आत शिरलं. टुण टुण टुण!
"तारीखताई, तारीखताई, येतेस का?
फुगोबा फुगेना,
तनू हसेना!"
"डबी उघडली तर येईन. नाहीतर नाही जा!"

टुण टुण टुण!
"डबीबाई, डबीबाई, उघडतेस का?
तारीख येईना,
फुगोबा फुगेना,
तनू हसेना!"
"डबा उघडला तर उघडेन. नाहीतर नाही जा!"

टुण टुण टुण!
"डबेराव, डबेराव, उघडता का?
डबी उघडेना,
तारीख येईना,
फुगोबा फुगेना,
तनू हसेना!"
"पेटी उघडली तर उघडेन. नाहीतर नाही जा!"

टुण टुण टुण!
"पेटीआजी, पेटीआजी, उघडतेस का?
डबा उघडेना,
डबी उघडेना,
तारीख येईना,
फुगोबा फुगेना,
तनू हसेना!"

पेटीआजी फुरंगटून बसली होती.
"सगळ्यांना थेट आतलं हवं! मी एवढी मोठी, मला कुणी हाकच मारत नाही. बाईंनी आधी माझं नाव लिहिलं तर उघडेन. नाहीतर नाही जा!"
खरंच की! आजीला वाईट वाटणारच.

टिंब दमलं. पण थांबलं नाही. टुण टुण टुण! आलं वनिताबाईंच्या नाकासमोर.
"बाई, बाई, लिहिता का?
पेटी उघडेना,
डबा उघडेना,
डबी उघडेना,
तारीख येईना,
फुगोबा फुगेना,
तनू हसेना!"

बाईंनी कपाळावर हात मारला.
"अगं बाई! घाईघाईत मी नुसतं 'तारीख' लिहिलं. पेटीला विचारलंच नाही. वेंधळीच मी!"

बाईंनी पुन्हा लिहिलं. टक टक टक!
पेटी. टिंब बसलं, टिक!
डबा. टिंब बसलं, टिक!
डबी. टिंब बसलं, टिक!
तारीख.

पेटी.डबा.डबी.तारीख

पेटी उघडली, खाट्!
डबा उघडला, खट्!
डबी उघडली, टिच्!
तारीख आली, तुरुतुरु!
फुगोबा फुगला, फू फू फू!
तनू हसली, खुदुखुदू!

मग तनूने विचारलं, "बाई, टिंबाचा वाढदिवस कधी?"
बाईंना ठाऊक नव्हतं. टिंबालाही नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.
"मग आजच!" तनू म्हणाली. "माझ्यातला अर्धा घे."

पडद्यावर आणखी एक फुगा आला. इवलुसा. टिंबाचा स्वतःचा.
त्या दिवशी मुलांनी वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हटलं. एकदा तनूसाठी, एकदा टिंबासाठी.