देवीच्या पायाचा धागा

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशात एका डोंगराखाली दोरस नावाचा विणकर आणि त्याची बायको मिर्तो राहत होती. डोंगरावर देवीचं देऊळ. आता तिथं मोडके खांब नि रिकामा चौथरा उरलाय, लोक लांबून बघायला येतात. तेव्हा मात्र देऊळ जागतं होतं. जिवाच्या भीतीनं कुणी आलं, की देवीच्या पायाला धागा बांधायचा आणि दुसरं टोक मुठीत धरायचं. धागा हातात आहे तोवर राजानंसुद्धा त्याला शिवायचं नाही, अशी तिथली रीत.

एकदा नवराबायको देवीला लोकरीचा गुंडा वाहायला वर गेली. बघतात तर काय, दारात एक नावाडी धागा धरून थरथरतोय! राजाच्या जुलमाविरुद्ध तो चार शब्द बोलला होता. त्याचा धागा उंबऱ्यापर्यंतच पुरत होता. पाणी खाली, होडी खाली, आणि दाराबाहेर शिपाई भाले रोखून उभे.

"ये की रे बाहेर," शिपायांचा नाईक हसला. "तहान लागली असेल."

मिर्तो गुंडा घेऊन पुढं झाली.

"बाई, त्याच्या धाग्याला गाठ मारलीस तर उद्या तुझ्या घराला काडी लावीन," नाईक गुरकावला.

दोरसनं तिचा हात ओढला. "अगं, घरी चल. तो आपला कोण लागतो?"

"कुणी नाही. पण मला इतकं भ्या वाटतंय, तर त्याला किती वाटत असेल हो?"

तिनं गुंड्याचं टोक नावाड्याच्या धाग्याला गाठ मारून जोडलं.

गुंडा सोडत सोडत नावाडी डोंगर उतरू लागला. दोन्ही बाजूंनी भाले चालले, मागून दोरस नि मिर्तो. पायाखालचा खडा निसटला तरी काळजात धस्स व्हायचं. होडी दिसली, आणि गुंडा संपला. मुठीत नुसतं टोक उरलं. नाईकानं तलवार उपसली. "आता टाक पाऊल!"

तेव्हा दोरसनं, त्याच भित्र्या दोरसनं, अंगावरची घोंगडी काढून काठ उसवायला घेतला. निघालेला धागा त्यानं नावाड्याच्या मुठीतल्या टोकाला जोडला. घोंगडी अर्धी उरली तेव्हा नावाड्याचा पाय होडीत पडला.

मग दोघं घरी येऊन आगीची वाट बघत बसली. एके सकाळी दार वाजलं. नाईकच! मिर्तोनं डोळे मिटले.

"काडी आणलीस का?" दोरसनं विचारलं.

नाईकानं मान खाली घातली. "नावाडी सुटला म्हणून राजा माझ्या जिवावर उठलाय. एक गुंडा द्याल?"

मिर्तोनं घरातला सगळ्यात मोठा गुंडा त्याच्या हातावर ठेवला.

ही गोष्ट गावोगाव झाली. डोंगर चढणारा जो तो आधी त्यांच्या दारी थांबून सूत घेऊ लागला. माग थांबेना, चूल विझेना, घर कसं भरून गेलं.

तात्पर्य: भीती कुणालाच चुकत नाही; पण स्वतः भीत असतानाही जो दुसऱ्याला आधार देतो, त्याच्या घराला कधी काही कमी पडत नाही.